नैरोबी, जिराफ आणि एकरी चार डॉलर

परवा लंचला आमच्या टीममधल्या एकानं फोन पुढे सरकवला. फोटोत एक बाई ब्रेकफास्टला बसलीये, समोर टोस्ट, जॅम, किटली वगैरे थाट, आणि खिडकीतून एका जिराफानं डोकं आत घातलंय. पार टेबलापर्यंत. "तू नैरोबीला जाऊन आलायस ना? हे हॉटेल वर्थ आहे का सांग. लग्नाचा पाचवा वाढदिवस आहे, बायकोला सरप्राइज द्यायचंय."

मी "सांगतो" म्हटलं आणि डबा बंद केला. कारण हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येईना. मग त्याला तीन परिच्छेदांची मेल लिहायला घेतली, ती वाढत वाढत इतकी झाली की म्हटलं ब्लॉगवरच टाकावी. शनिवार आहे, पाऊस आहे, दुसरं करायचंय काय!

तर पहिली गोष्ट. नैरोबीला जातो म्हटलं की लोक "हां, म्हणजे मसाई मारा" असं स्वतःच दुरुस्त करतात. जणू नैरोबी हे गावच नाही, फक्त विमान बदलायचं किंवा जीप पकडायची जागा आहे. आम्हीही तसंच ठरवत होतो. पण माराचे दर बघून (आणि आमच्या दोघांच्या उरलेल्या रजा बघून) गेल्या ऑगस्टमधे नुसते चार दिवस नैरोबीच करायचं ठरवलं. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तास. व्हिसाची भानगड जानेवारी २०२४ पासून गेली, आता ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस मात्र निघायच्या दहा दिवस आधी घ्याच, परत येताना आपलेच लोक दाखला मागतात.

आणि स्वेटर! विषुववृत्ताला खेटून असलेलं गाव म्हणून मी हाफ चड्ड्या भरून नेल्या होत्या. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा चांगलं चारशे मीटर वर. ऑगस्टमधे सकाळी आमचे दात वाजत होते. मसाईंच्या मा भाषेत नैरोबी या नावाचा अर्थच मुळी थंड पाण्याची जागा. नाव वाचून पॅकिंग करायला हवं होतं.

नॅशनल पार्क शहराच्या मध्यापासून सातेक किलोमीटरवर. १९४६ सालचं, केनियातलं सगळ्यात पहिलं. ११७ चौरस किलोमीटर. आपल्या बोरिवलीच्या पार्कपेक्षा थोडं मोठं, पण झाडी कमी आणि माळ जास्त, त्यामुळे प्राणी लपत नाहीत. हत्ती सोडले तर जवळपास सगळं आहे: सिंह, बिबटे, रानम्हशी, झेब्रे, शहामृग आणि काळे गेंडे. काळा गेंडा जगात बहुतेक ठिकाणी दुर्मिळ, इथे आम्हाला सकाळी साडेसातला दिसला. गवतात उभा, आणि त्याच्या पाठीमागे काचेच्या इमारती. वरून शेजारच्या विल्सन विमानतळावरचं छोटं विमान गेलं, त्यानं मानही वर केली नाही. बायको म्हणाली, "हिंजवडीला राहत असणार." :)

मग डावीकडे वळलो आणि पूल दिसला. चिनी कर्जातून झालेल्या नव्या रेल्वेचा पूल, उंच खांबांवरून पार्कच्या आरपार सहा किलोमीटर गेलेला. कोर्टकज्जे, मोर्चे सगळं झालं, तरी २०१९ मधे गाडी धावायला लागली. खांब उंच ठेवले म्हणजे जिराफ खालून जातील, असं इंजिनियरिंग. जिराफ जातातही, आम्ही पाहिले. आरेच्या कारशेडवरून २०१९ च्याच ऑक्टोबरमधे आपल्याकडे रात्रीत झाडं कापली होती, ते आठवलं. दोन्हीकडे मुद्दा तोच: शहराच्या पोटातलं जंगल ही फुकटची जमीन वाटते. बाहेरची जमीन विकत घ्यावी लागते, कोर्टात जाणारे मालक असतात. बिबट्या वकील लावत नाही.

आता खरी गोष्ट, जी मला जाण्याआधी अजिबात माहीत नव्हती.

या पार्कला तीन बाजूंनी कुंपण आहे. चौथी, दक्षिणेची बाजू उघडी आहे. तिथे म्बगाथी नदी, आणि नदीपलीकडे मसाई लोकांची खाजगी जमीन. ११७ चौरस किलोमीटरमधे हा सगळा गोतावळा बारा महिने जगूच शकत नाही. पावसाळ्यात झेब्रे आणि विल्डबीस्ट दक्षिणेच्या माळावर जातात, कोरड्या दिवसात पाण्यासाठी पार्कमधे परततात. सिंह त्यांच्या मागे. म्हणजे पार्क हे घर नाही, घरातली एक खोली आहे. बाकीचं घर लोकांच्या सातबाऱ्यावर.

हे मला आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं. पन्नाशीचा माणूस, कितेंगेला भागातला, म्हणजे त्याच दक्षिणेच्या बाजूचा. तिकडे वयानं मोठ्या माणसाला आदरानं 'म्झे' म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी ते फक्त "ते बघा" आणि "फोटो घ्या" एवढंच बोलायचे. दुसऱ्या दिवशी चहाला थांबलो तेव्हा मी सहज म्हटलं, "म्झे, तुमच्या घराशेजारी सिंह म्हणजे काय मजा आहे!"

त्यांनी कप खाली ठेवला. "सिंह सरकारचा आहे. मेंढ्या माझ्या आहेत."

मग सगळं बाहेर आलं. भावाच्या गोठ्यातून एका रात्रीत नऊ मेंढ्या गेल्या. २०१३ च्या कायद्यात भरपाई आहे, अर्ज केला, वर्षं गेली. शेजाऱ्यानं जमीन प्लॉट पाडून विकली, तिथे आता भिंत आहे, वर काचा. "तो शहाणा," म्झे म्हणाले. "आता त्याच्याकडे ना मेंढ्या, ना सिंह. त्याच्याकडे ट्रक आहे."

मी मुकाट्यानं चहा प्यायलो. माझा मामा नारायणगावजवळ राहतो. उसात बिबट्या ही त्याच्या घरी बातमी नसते, रोजचं हवामान असतं. अंधार पडल्यावर पोरांना अंगणात सोडत नाहीत, गोठ्यावर रात्रभर दिवा. आणि आम्ही पुण्यात बसून "माणसानंच जंगलात अतिक्रमण केलंय" असं फॉरवर्ड करतो. मी स्वतः केलंय. मामाचा ऊस जंगलात नाहीये, बिबट्याच उसात जन्मलाय, हे मामानं तीनदा सांगूनही.

कितेंगेलामधे जून २०१२ ला जमावानं एका दिवसात सहा सिंह मारले. मार्च २०१६ मधे मोहॉक नावाचा काळ्या आयाळीचा देखणा सिंह पार्कबाहेर भटकला, एका माणसाला त्यानं जखमी केलं आणि वनरक्षकांनी त्याला गोळ्या घातल्या. जगभर हळहळ झाली. आणि एप्रिल २०२५ मधे पार्कला लागून असलेल्या वस्तीतून एका सिंहिणीनं चौदा वर्षांची मुलगी उचलून नेली. याबद्दल जगभर हळहळ झालेली मला दिसली नाही.

यावर उपाय काय, तर दोन. एक म्हणजे चौथी बाजूही कुंपणानं बंद करून टाका. २०२० मधे पार्कच्या व्यवस्थापनाचा मसुदा आला त्यात कुंपणाचा विषय होता, आत एक महागडं लॉज बांधायचाही होता, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. कुंपण घातलं की मेंढ्या वाचतील, पण पार्कचं हळूहळू मोठं प्राणिसंग्रहालय होईल. तसंही विल्डबीस्टचं बघा: या माळांवर १९७८ च्या सुमारास तीस हजारांच्या घरात होते, २०११ पर्यंत पाच हजारांच्या आत आले.

दुसरा उपाय पैशाचा. जमीनमालकानं कुंपण घालायचं नाही, प्लॉट पाडायचे नाहीत, प्राण्यांना येऊ जाऊ द्यायचं, आणि त्या बदल्यात त्याला भाडं. २००० साली अशी योजना सुरू झाली. दर किती? एकराला वर्षाला चार डॉलर.

चार डॉलर. मी म्झेंना दोनदा विचारलं, नंतर हॉटेलवर नेटवरही पाहिलं. चारच. तरी अनेक कुटुंबांनी घेतले, कारण ते पैसे शाळेच्या फीच्या वेळेला हातात पडत.

आता परत जिराफाकडे या. ते खिडकीवालं हॉटेल म्हणजे १९३२ सालचा बंगला. त्याची मूळ गोष्ट खरंच छान आहे. सत्तरच्या दशकात लेस्ली-मेलव्हिल नावाच्या जोडप्यानं तो घेतला. रॉथशिल्ड जातीचे जिराफ तेव्हा संपत आले होते, त्यांची पिल्लं आणून यांनी अंगणात वाढवली. पुढे संस्था काढली, शेजारी जिराफ केंद्र झालं, तिथे वाढलेले जिराफ जंगलात सोडले. हॉटेल नंतरचं. तिथे एका माणसाचं एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या वर आहे.

गणित सोपं आहे, इंजिनियर नसलात तरी येईल. दोघांची एक रात्र म्हणजे किमान दोन हजार डॉलर. म्हणजे पाचशे एकरांचं वर्षाचं भाडं.

इथे थांबून कबूल करतो की हा हिशोब थोडा चावट आहे. हॉटेलात न राहता वाचलेले दोन हजार मी काही मसाईला नेऊन देणार नव्हतो. आणि कोणी आलंच नाही तर सिंह ठेवायचे कशाला हा प्रश्न नैरोबीत उद्याच्या उद्या विचारला जाईल, बिल्डर रांगेत उभे आहेत. पर्यटक हवेतच. माझी तक्रार वेगळी आहे. नैरोबीतली ही गोंडस हॉटेलं बरीचशी कारेन आणि लांगाटा भागात, पार्कच्या शहराकडच्या बाजूला आहेत. पैसा कुंपणाच्या अलीकडे राहतो, आणि प्राण्यांना गरज पलीकडच्या जमिनीची आहे. शिवाय खिडकीतून टोस्ट मागणारा जिराफ बघून आपली समजूत अशी होते की हे प्रकरण फारच गोड आहे, कुणाला काही त्रास नाही.

आणि तो जुना साहेबी थाट! मच्छरदाणीचा पलंग, कातडी ट्रंका, भिंतीवर शिकारीचे फोटो. कारेन ब्लिक्सन बाईंच्या घराचं म्युझियम आहे तिथे याचा उगम सापडतो. त्या १९१७ ते १९३१ तिथे राहिल्या, कॉफी पिकली नाही, घर विकून डेन्मार्कला परत, मग पुस्तक, मग १९८५ चा पिक्चर. बाग सुंदर आहे, एक तास पुरतो. पण ज्या काळाची ही नक्कल विकली जाते त्या काळात पलीकडच्या सुपीक डोंगराळ जमिनी गोऱ्यांसाठी राखीव होत्या, हिंदी माणसाला तिथे शेत घ्यायला बंदी होती. आणि आपण पाचव्या वाढदिवसाला त्याच पलंगावर झोपायला पैसे मोजणार. गंमतच आहे.

हिंदी माणूस तिथे कसा पोचला हे बघायचं तर रेल्वे म्युझियमला जा. माझ्या मते नैरोबीतली ही सगळ्यात भारी जागा, आणि आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही धरून सात माणसं होती. १८९६ ते १९०१ मधे मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला, त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांच्या वर मजूर नेले. अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट त्यातलीच, १८९८ ची. नैरोबी हे गावच १८९९ मधे रेल्वेचा तळ म्हणून वसलं. म्युझियममधे एक जुना डबा आहे, ज्यातून १९०० साली एका पोलीस अधिकाऱ्याला सिंहानं ओढून नेलं. तो सिंहाला मारायला म्हणून दबा धरून बसला होता आणि त्याला डुलकी लागली. मी त्या डब्याच्या खिडकीपाशी बराच वेळ उभा होतो. आमच्या म्झेंच्या भावाचा गोठा आणि ही खिडकी, मधे सव्वाशे वर्षं.

जे मजूर राहिले आणि मागून जे गुजराती दुकानदार आले, त्यांच्या खुणा भाषेत आहेत. स्वाहिलीत दुकानाला दुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, विम्याला बिमा, लाखाला लाकी. चहाला चाय आणि चपातीला चपाती. 'एम-पेसा' मधला पेसा तोच आपला. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही सोय त्यांनी मार्च २००७ मधे चालू केली, साध्या बटणाच्या फोनवर. आपलं यूपीआय आलं २०१६ ला. पेमेंटमधे काम करत असल्यामुळे मला हे पुस्तकी माहीत होतं, पण रस्त्यावर मक्याचं कणीस भाजणाऱ्या बाईला त्यावरून पैसे दिले तेव्हा आमचा ऑफिसातला "आपण जगाच्या पुढे आहोत" हा सूर आठवून जरा ओशाळल्यासारखं झालं.

शहरात दोन जागा आणखी. जीवनजी गार्डन, कराचीहून आलेल्या बोहरी व्यापाऱ्यानं शहराला दिलेली बाग. १९९१ मधे तिथे पार्किंग बांधायचा घाट होता, तेव्हा त्यांच्या नातीनं, झरिना पटेल यांनी, लोकांना घेऊन ती वाचवली. आणि उत्तरेचं कारूरा जंगल. १९९८-९९ मधे त्याचे तुकडे राजकारण्यांच्या मर्जीतल्या बिल्डरांना वाटले जात होते. वांगारी माथाई रोपं लावायला गेल्या, गुंडांनी त्यांना मारलं, डोक्याला जखम झाली. २००४ ला त्यांना नोबेल मिळालं. आज तिथे पोरं सायकली चालवतात. त्या जंगलातून तीन तास चाललो आणि मनात तळजाई, वेताळ टेकडी असं काय काय येत राहिलं.

जाता जाता माताटू. ही तिकडची वडाप. रंगवलेली, आतून जांभळे दिवे, छाती दणाणेल असं गाणं. एकदा तरी बसा. कीबेरा वस्तीची टूर कुणीतरी सुचवली, आम्ही नाही गेलो. धारावीत गोरे लोक कॅमेरे घेऊन फिरतात तेव्हा मला जे वाटतं ते आठवलं.

आता मित्राला उत्तर. जिराफ बघायचा, हातानं खायला घालायचा तर शेजारच्या केंद्रात जा, साधं तिकीट आहे. जीभ हातभर लांब, आणि चिकट. बायको किंचाळेल, फोटो चांगला येईल. माझ्या बायकोनं पाच मिनिटांत त्याचं नाव पाठ केलं, मी अजून तिच्या मावसबहिणींची नावं चुकतो. हत्तीच्या अनाथ पिल्लांची नर्सरीही चुकवू नका. डॅफ्नी शेल्ड्रिक बाईंनी हे काम उभं केलं. हत्तीच्या पिल्लाला गाईच्या दुधातली चरबी पचत नाही हे कळून, खोबरेल घालून दूध जमवायला त्यांची कित्येक वर्षं गेली, मधे किती पिल्लं हातात मेली. आता पिल्लं मोठी झाली की त्सावोला जाऊन जंगलात मिसळतात. रात्री प्रत्येकाजवळ एक माणूस झोपतो, कारण एकटं पिल्लू जगत नाही.

राहायचं मात्र दक्षिणेला. म्बगाथीच्या काठाने छोटी लॉजेस आहेत, स्वस्त नाहीत, पण त्या हजार डॉलरच्या मानानं बरी. आम्ही शेवटच्या दोन रात्री तिकडे होतो. बुकिंग करण्याआधी मी मेलवर सरळ विचारलं होतं: जमीन कुणाची आहे, भाडं कुणाला जातं, कामाला गावातली माणसं किती. चार ठिकाणी विचारलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकानं ब्रोशर पाठवलं, चौथ्यानं नीट पानभर लिहिलं. तिथेच राहिलो. खिडकीत जिराफ आला नाही. रात्री नदीपलीकडून सिंहाचा आवाज आला. डरकाळी नव्हे, कुणीतरी मोठं कपाट ओढत असल्यासारखा. आणि अलीकडच्या टेकाडावर एका गोठ्याभोवती दिवे लुकलुकत होते.

ते दिवे रिचर्ड तुरेरे या मुलाची आयडिया. पार्कच्या याच हद्दीवरचा मसाई पोरगा, अकरा वर्षांचा असताना वडिलांची गुरं राखायचा. आधी त्यानं रॉकेलचे कंदील लावले, सिंहांना उलट उजेडाची सोय झाली. मग बुजगावणं केलं, सिंह एक दिवस फसले. एका रात्री टॉर्च घेऊन फिरताना लक्षात आलं की हलत्या दिव्याला सिंह घाबरतात. मग मोडक्या टॉर्चमधले एलईडी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा भाग, गाडीची जुनी बॅटरी आणि सोलर पॅनेल जोडून त्यानं दिवे आळीपाळीनं उघडमीट होतील असं सर्किट केलं. शिकला कसा, तर आईचा रेडिओ खोलून. २०१३ मधे त्यानं याच्यावर टेडला भाषण दिलं.

आल्यावर मी मामाला ते दाखवलं. मामानं पूर्ण बघितलं आणि म्हणाला, "बिबट्याला चालंल का?" चालेल का ते मलाही सांगता येईना, बिबट्या फार लवकर शिकतो. तरी दिवाळीच्या सुट्टीत गोठ्याला एक सेट लावलाय. सर्किट माझं, खांब मामाचे. कुत्रं पहिली रात्रभर भुंकलं.

म्झेंचा नंबर माझ्याकडे आहे, कुणी जाणार असेल तर त्यांना विचारून देईन. हत्तींच्या नर्सरीचं बुकिंग खूप आधी करा, भेटीची वेळ फक्त सकाळी अकरा ते बारा असते आणि दारात जाऊन जागा मिळत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेत नेऊ नका, २०१७ पासून बंदी आहे आणि ती आपल्यासारखी कागदावरची नाही. स्वेटरचं सांगितलंच आहे.